पत्ता सांगा

“आईलाच पत्ता विचारलात?”

“हो,” आरोपीच्या पिंजऱ्यातली बाई म्हणाली.

“ज्या घरात तुम्ही रांगायला शिकलात, त्या घराचा?”

“पहिला प्रश्न पत्त्याचाच असतो.”

सरकारी वकिलांनी न्यायाधीशांकडे नुसतं पाहिलं. बोलायची गरजच उरली नव्हती. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘काय बाई तरी’ म्हणालं, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

ती तातडीच्या मदतीच्या फोनवर काम करायची. शहरात कुणी पडलं, कुणी भाजलं, कुणाच्या छातीत कळ आली, की फोन तिच्या कानात वाजायचा. पत्ता सांगा. काय झालं? शुद्धीवर आहेत का? श्वास चालू आहे का? प्रश्न याच क्रमाने. आवाज चढवायचा नाही, पाडायचा नाही. समोरचं माणूस कोसळत असेल तर आपण भिंत व्हायचं, असं तिथे सुरुवातीलाच शिकवत. ती इतकी चांगली भिंत झाली होती की नव्या मुलींना मुद्दाम तिच्या शेजारी बसवत.

त्या दुपारी आईचा फोन आला तेव्हा एकच गाडी मोकळी होती, आणि ती तिने नुकतीच परांचीवरून पडलेल्या एका गवंड्याकडे धाडली होती. गाडी अजून आईच्या गल्लीच्या तोंडाशीच होती. एका शब्दात वळवता आली असती. वळवायचा अधिकारही तिला होता. तिने वळवली नाही. गवंडी वाचला. आई गेली. आता तिच्यावर हयगयीचा खटला होता, समोर तुरुंग होता, आणि फिर्यादी तिचा सख्खा भाऊ होता.

भाऊ साक्ष देताना रडला. खरं रडला, त्यात खोटं काही नव्हतं.

“ही पहिल्यापासून अशीच आहे, साहेब. बाबा गेले तेव्हा घरात रडारड चाललेली आणि ही सगळ्यांना पाणी देत फिरतेय. आईशी तर हिचा अबोलाच होता.”

“खरं आहे का?” न्यायाधीशांनी तिला विचारलं.

“अबोला आईने धरला होता,” ती म्हणाली. मग जरा विचार करून पुढे म्हणाली, “पण होता.”

तिच्या वकिलाने कपाळाला हात लावला. पोरगेला होता बिचारा. सकाळीच व्हरांड्यात त्याने तिच्या हातात स्वतःचा धुतलेला रुमाल ठेवला होता.

“ताई, दोन थेंब तरी काढा. न्यायाधीशही कुणाचा तरी मुलगाच असतो.”

“आणि नाही आले तर?”

“तर निदान रुमाल डोळ्यांकडे न्या हो.”

तिने नेला. चष्मा पुसला आणि घडी घालून त्याला परत दिला.

मग तिच्या शेजारच्या टेबलावरची सहकारी साक्षीला आली. फोनवरचं बोलणं टिपून ठेवणारं यंत्र नेमकं त्या आठवड्यात दुरुस्तीला गेलेलं, म्हणून सगळी भिस्त ऐकणाऱ्यांवर होती.

“आरोपींचं बोलणं तुम्ही ऐकलंत?”

“सुरुवातीचं. मग मलाही फोन आला.”

“आवाज कसा होता?”

“नेहमीसारखा.”

“पलीकडे आई असूनही?”

“आई होती हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, साहेब. त्या दिवशी त्या ड्यूटी संपेपर्यंत बसल्या होत्या.”

कोर्टात चुळबुळ झाली. भावाने बहिणीकडे पाहिलं आणि मान फिरवली. सरकारी वकिलांना आता फारसं काही सिद्ध करायचं राहिलं नव्हतं. तरी शेवटचा घाव म्हणून त्यांनी अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला बोलावलं. गवंड्याला हॉस्पिटलात उतरवून तोच आईच्या घरी पोचला होता. जाडजूड माणूस होता, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आडवा शिरला.

“तुम्ही पोचलात तेव्हा काय पाहिलंत?”

“आजी पलंगाखाली पडल्या होत्या. गेलेल्या. फोन बाजूला पडलेला, आणि त्यातून आवाज येत होता.”

“कुणाचा?”

“मॅडमचा. ‘गाडी येतेय, घाबरू नका. श्वास सोडा. आता पुन्हा घ्या.’ कधीपासून चाललं होतं कुणास ठाऊक. उत्तर देणारं कुणी नव्हतं.”

“मग?”

“मी फोन उचलला. म्हटलं, मॅडम, उशीर झाला. आजी गेल्या.”

सरकारी वकील एक पाऊल पुढे आले. “हे ऐकून आरोपी रडल्या?”

“नाही.”

“ओरडल्या? हुंदका? काही?”

“नाही साहेब. आवाज तोच.”

“काय म्हणाल्या ते शब्दशः सांगा कोर्टाला.”

ड्रायव्हरने कठड्यावरचे हात काढले, पुन्हा ठेवले.

“म्हणाल्या, ‘फोन त्यांच्या कानाशी धरा.’ मला वाटलं, ह्यांना नीट कळलं नाही. म्हणून परत सांगितलं. तर म्हणाल्या, ‘कळलं मला. तुम्ही धरा.’ मग मी खाली बसलो आणि धरला.”

“आणि? मग आरोपी काय बोलल्या?”

“ते मला कसं माहीत असणार? फोन आजींच्या कानाशी होता. एवढंच सांगतो साहेब, माझा हात अवघडला. मग मी दुसऱ्या हाताने धरला.”