शंभरातली एक

उज्वलाने कॅप्सूल पुन्हा ताटात ओतल्या आणि दहा-दहाच्या ओळी लावल्या. शेवटच्या ओळीत नऊच.

डबीवर शंभर छापलेलं होतं. झाकणाखालचं चंदेरी सील एका बाजूने उचकटून परत दाबून बसवलेलं. मागच्या डबीतही अशीच एक कमी निघाली होती. तेव्हा तिने दुकानदाराला दोष दिला होता. या वेळी मात्र नवऱ्याने, रविराजने, सील नीट बघूनच डबी आणली होती. म्हणजे ती घरात आल्यावर कुणीतरी उघडली. आणि घरात माणसं तीनच: ती, रविराज आणि सासूबाई.

अंबडच्या कारखान्यात सुट्या भागांची मापं घेताना तिचा हात थरथरू लागला, तिथून हे सगळं सुरू झालं. तपासण्यांत निघालं की तिच्या अंगात तांबं साठतंय, लिव्हरमध्ये आणि मेंदूतही. ते बाहेर काढणारं औषध म्हणजे या कॅप्सूल. दिवसाला चार, आणि बहुतेक जन्मभर.

डॉक्टरबाईंनी तिच्याकडून नियम पाठ करून घेतले होते. पोट रिकामंच हवं. खाण्याच्या आधी एक तास, नाहीतर खाल्ल्यावर दोन तासांनी. दूध, लोहाची गोळी, अ‍ॅसिडिटीचं औषध सोबत नको. ठरलेल्या दिवशी रक्त-लघवी तपासायची. ताप आला, पुरळ उठलं, तर लगेच फोन. आणि मनाने बंद करायचं नाही.

"सुरुवातीला थरथर थोडी वाढेलही," त्या म्हणाल्या होत्या. "घाबरू नका, पण मला कळवा."

थरथर वाढली होती. उज्वला घाबरली होती.

धोंडाबाई, तिची सासू, दोन महिन्यांपूर्वी निफाडहून आली. सुनेला आराम पडावा म्हणून. येताना तांब्याचा हंडा घेऊन आली. तांब्याच्या भांड्यातलं पाणी चालत नाही म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं.

"आमची हाडं त्याच पान्यावर पोसली," ती म्हणाली. "आन् तुला त्येच इख झालं?"

हंडा माळ्यावर गेला. त्या दिवसापासून धोंडाबाई औषधाच्या फळीकडे सारखी बघत राहायची. नवी डबी आली की हातात घेऊन फिरवायची, झाकण चाचपायची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं.

संध्याकाळी उज्वलाने रविराजला सांगितलं.

"आई कशाला घेईल तुझ्या गोळ्या?" तो वैतागला. "तुझं मोजायला चुकलं असेल."

"दोन वेळा?"

त्याने मोबाइल उचलला आणि गॅलरीत गेला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी उज्वला गॅलरीत कपडे वाळत घालत होती. आत धोंडाबाई निफाडला भावाशी, गोटीरामशी, फोनवर बोलत होती. आवाज दबलेला होता.

"नाय रे, तिला काय ठाव नाय... अजून तरी काय झालं नाय. झालं म्हंजे कळंलच की... तू रविराजला बोलू नको."

उज्वलाच्या हातातला टॉवेल खाली रस्त्यावर पडला. मागे एकदा चुलतसासूने सहज म्हणून विचारलं होतं, "अशा आजारात मूल होतं का गं?" तेव्हा धोंडाबाई मान खाली घालून गप्प बसली होती. ते सगळं आता तिला नव्याने आठवलं. एकुलता एक मुलगा. आजारी सून.

तिने डॉक्टरबाईंना फोन केला. नाव कुणाचं घेतलं नाही.

"सील फुटलेली डबी वापरू नका," त्या म्हणाल्या. "आत काय आहे, कोण सांगणार? जुन्यातल्या, आजवर घेत आलात त्या, शिल्लक आहेत?"

"आठ."

"म्हणजे दोन दिवस. आजच नवी डबी घ्या. डोस चुकता कामा नये."

उज्वला स्वतः शालिमारच्या औषध दुकानात गेली, सील तपासून डबी घेतली. मुद्दाम सासूसमोरच ती फळीवर ठेवली.

सकाळी जुन्या डबीतली कॅप्सूल घेतली, तासाभराने पोळी खाल्ली, चप्पल घातली.

"येते आई."

"सावकाश जा."

कारखान्याची गाडी तिने जाऊ दिली. जिन्यात उभी राहून दहा मिनिटं मोजली. मग किल्लीने आवाज न करता दार उघडलं.

धोंडाबाई ओट्यापाशी उभी होती. समोर डबी, झाकण बाजूला, सील उचकटलेलं. तळव्यावर एक कॅप्सूल.

"आई!"

धोंडाबाई दचकली. उज्वला पोचेपर्यंत तिने कॅप्सूल तोंडात टाकली आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकली.

"काय वाईट केलंय मी तुमचं?" उज्वलाने ओट्यावरची डबी हिसकावून घेतली. "काय मिसळताय त्यात? मी मेले की दुसरी आणणार आहात का?"

धोंडाबाईने हातातला पेला ओट्यावर ठेवला. मग भिंतीला धरत खाली बसली.

"रविराजच्या पाठची मालन व्हती मला. तापानं गेली, आसं सांगितलंय आमी तुला."

"मग?"

"तापानं नाय गेली. बाटली चुकीची व्हती. मला वाचता येत नाय, मीच आनली, मीच पाजली. सांजच्याला पोरगी गार." तिने पदराने तोंड पुसलं. "तवापास्नं घरात नवं औषद आलं की आदी मी खाऊन बघते, पोरी. व्हायचं त्ये मला व्हऊ दे."