चार वाजताचा सामना

चारला पाच कमी असताना गुणाबाईंनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि लेकाचा, आदिनाथचा, हातात धरायचा व्हिडिओ गेम चालू केला.

तळहाताएवढ्या पडद्यावर टेनिसचं निळं मैदान पसरलं. तिथं कायम तिन्हीसांज असायची. ढग इतके सावकाश सरकायचे, की नांदेडचं ऊन, गल्लीतले हॉर्न, सगळं लांब कुठंतरी विरून जायचं.

दोन वर्षांमागं आदिनाथ बारावीत नापास झाला. त्याच्या बापानं, भुजंगरावांनी, याच गेमवरून पोराला घराबाहेर काढलं. "पुन्हा तोंड दावू नको!" तो पुण्याला गेला, फोन नंबरही बदलला. गेम तेवढा घरी राहिला. मागच्या दिवाळीत गुणाबाईंनी सहज चालू केला, तर नेटवरून त्याच्या नावानं खेळायचं बोलावणं आलं.

तेव्हापासून रोज चारला एक सामना. बोलणं नाही, नुसता चेंडू.

सुरुवातीला आदिनाथची साधी सर्व्हिससुद्धा जाळीत जायची. माय नवी हाय म्हणून लेकरू मुद्दाम हरतंय, हे त्यांनी ओळखलं. जिंकलेले गुण पडद्यावरच्या आपल्या खेळाडूच्या ताकदीत, वेगात, धीरात वाटायचे असत. त्या सगळे धीरातच टाकत. पुढं दोघांचा खेळ सुधारला. खास फटका बसला की चेंडूचं चांदणं व्हायचं, क्षणभर हवेत थांबायचं. तेवढा वेळ लेक समोर उभा आहे असं वाटायचं.

"या वयात काय ते डबडं खेळून राहिलीस?" भुजंगराव करवादायचे आणि चारच्या आधीच रिक्षा घेऊन निघायचे.

आजही ते गेले, आणि दार वाजलं.

दारात आदिनाथ उभा. दाढी वाढलेली, पाठीवर बॅग.

"माय, ऱ्हावलं न्हाई गं."

गुणाबाईंनी त्याला पोटाशी धरलं. किती वेळ गेला, कळलं नाही.

"आबा?"

"आत्ताच गेले. बस, पाणी देते."

त्याची नजर गेमवर गेली. "हे अजून चालू हाय?"

"असं काय इचारतो? रोज तर खेळतो की माझ्यासंगं."

"मी? माय, घर सोडल्यापासून मी गेमला हात लावला न्हाई."

तेवढ्यात पडद्यावर बोलावणं आलं. नाव आदिनाथचं.

गुणाबाई खिडकीशी गेल्या. गल्लीच्या टोकाला लिंबाखाली रिक्षा उभी होती. मागच्या सीटवर भुजंगराव, चष्मा नाकावर ओढून, हातातल्या तसल्याच गेमच्या बटणांवर दोन्ही अंगठे ठेवून, वाट बघत बसले होते.