दोन आखूड, एक लांब

गाडीखालून खोकला आला आणि ब्रेकवाल्याची बायको गॅरेजच्या दारातच थिजली.

दोन आखूड, एक लांब. कोरडा. सहा वर्षं हा खोकला तिच्या उशाशी होता. दोन झाले की ती तिसऱ्याची वाट बघत पडून राहायची. तिसरा आला की कूस बदलायची. नवऱ्याला जाऊन महिना उलटला होता. त्याच्या अवजारांची पेटी न्यायला ती आली होती.

गाडीखालून नवऱ्याचा जोडीदार सरकत बाहेर आला. पापण्यांवर राखाडी धूळ.

“या वहिनी. पेटी पुसून ठेवलीय.”

“हा खोकला कधीपासून?”

“हा होय? हा काय खोकला आहे? धूळ बसते घशात. चहा पोटात गेला की जातो.”

बोलता बोलता त्यानं जुन्या गाडीच्या चाकाचा ब्रेक-ड्रम उतरवला आणि हवेचा पाइप उचलला. एक झोत मारला. ड्रममधली धूळ भसकन वर आली, त्याच्या तोंडावर, तिच्या पदरावर.

“हवा मारू नका,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी सांगितलं मला, सगळं संपल्यावर. या जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ छातीत रुतली की निघत नाही. वीस-वीस वर्षं गप्प बसते. निदान ओलं करून पुसा.”

केबिनमधून मालक बाहेर आला. केबिनचं दार तो कधीच लावायचा नाही. माणसांवर नजर राहावी म्हणून.

“तुमचं दुःख समजतं वहिनी. पण तो बिड्यांनी गेला. उगाच माझ्या माणसांना घाबरवू नका.”

“बिड्या? त्यांनी उभ्या जन्मात काडी पेटवली ती स्टोव्हला. तुम्हालाही माहीत आहे.”

मालकाला माहीत होतं. त्याला आणखीही बरंच माहीत होतं. लायनरचे खोके तो स्वतः केबिनमध्ये फोडायचा. खोक्यावर छापलेला इशारा खोक्यासोबत कचऱ्यात जायचा. माणसांच्या हाती नुसते लायनर यायचे.

जोडीदार मालकाकडे न बघता हळू आवाजात म्हणाला, “ओलं करून पुसत बसलो तर एका गाडीत दुपार जाईल, वहिनी. परवा माझ्या जागी दुसरा असेल.”

“त्यांच्या जागी तुम्ही आहात, तसा.”

जोडीदारानं पाइप पुन्हा ड्रमकडे वळवला.

तिनं पुढं होऊन कॉम्प्रेसरचा खटका पाडला. मशीन धापा टाकत थांबलं. अख्खं गॅरेज गप्प झालं. आधीची धूळ उन्हाच्या पट्ट्यात तशीच तरंगत होती, दारापर्यंत, केबिनपर्यंत.

मालकानं ओरडायला तोंड उघडलं. शब्द आला नाही. खोकला आला.

आखूड. कोरडा.

पुन्हा एक, आखूड.

त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. मानेच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांत पाणी आलं. जोडीदारानं पाइप जमिनीवर ठेवला, आवाज होऊ न देता.

कोणीच हललं नाही. तिघंही तिसऱ्याची वाट बघत उभे राहिले.