ओरखडा

अरे, बाबांच्या दोनशे रेकॉर्ड्स मी एका आठवड्यात कॉम्प्युटरवर चढवल्या! गाणी आपोआप वेगळी झाली, नावं आपोआप पडली, खरखर एका बटणात साफ. म्हटलं, बाबा जाम खूश होतील. त्यांनी हेडफोन लावला, आवडतं गाणं सुरू केलं आणि मध्येच चेहरा पांढराफटक!

"यातली टकटक कुठे गेली?"

"काढली की! केवढा ओरखडा होता त्या रेकॉर्डवर."

"तो तुझ्या ताईनं पाडलेला. रांगत आली आणि सुईच ओढली."

"कुठली ताई? बाबा, मी एकुलता एक आहे!"

बाबांनी हेडफोन काढून ठेवला. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाली, "याला कधीच सांगायचं नाही, असं ठरलं होतं ना आपलं?"