डावीकडे, तीन किलोमीटर

"ताई, बोर्ड आला! रुग्णालय, डावीकडे, तीन किलोमीटर!" भाऊ ओरडला आणि त्याने गाडीचा वेग वाढवला. भर दुपारी हायवे मोकळाच होता.

मागच्या सीटवर ताईच्या मांडीवर वडिलांचं डोकं होतं. त्यांना दरदरून घाम सुटला होता. तिची बोटं त्यांच्या मनगटावर होती. नाडीचा मध्येच एखादा ठोका चुकत होता.

"तिथे नको," ती म्हणाली. "सरळ घे. शहरात जाऊ."

"शहर अजून तीस किलोमीटर आहे गं! आणि हे तर तुझंच हॉस्पिटल ना? सगळे ओळखीचे."

"हार्टचे डॉक्टर रजेवर आहेत. उगाच वेळ जाईल. ऐक माझं."

खोटं बोलायला तिला जराही विचार करावा लागला नाही. गेले तीन महिने ती दुसरं करत काय होती? रोज सकाळी गणवेश घालून, डबा घेऊन निघायची आणि कुठल्यातरी बागेत दिवस काढून घरी यायची. एका पेशंटला तिने चुकून दुसऱ्याचं इंजेक्शन दिलं होतं. पेशंट वाचला, नोकरी गेली. भेटेल त्याला 'आमची मुलगी सिस्टर आहे' असं सांगणाऱ्या वडिलांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

आणखी एक बोर्ड आला. एक किलोमीटर. मग शेवटचा, नुसता बाण. झाडांच्या वर पांढरी इमारत दिसायला लागली. भावाने ब्रेक दाबला आणि आरशातून मागे बघितलं.

"ताई, नक्की ना?"

आत्ताच सांगून टाकावं, असं तिला वाटलं. तिने तोंड उघडलंही. तेवढ्यात वडिलांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघत त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

"पुढे घे रे," ते कसंबसं म्हणाले. "ती म्हणतेय तसंच कर."

बाण मागे पडला.

शहरातल्या डॉक्टरांनी कानातला स्टेथोस्कोप काढला. "अर्धा तास आधी आणायला हवं होतं," ते म्हणाले. भाऊ भिंतीला टेकून खालीच बसला. "आमच्या ताईने खूप केलं हो," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

वॉर्डबॉयने वडिलांचे कपडे तिच्या हातात दिले. शर्टाच्या खिशात घडी घातलेला एक केसपेपर होता. तिच्याच हॉस्पिटलचा. छातीत दुखतं म्हणून वडील एकटेच तिथे जाऊन आले होते. तारीख पंधरा दिवसांपूर्वीची होती. नातेवाइकाच्या रकान्यात त्यांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मुलगी. इथेच सिस्टर आहे.' ती ओळ केसपेपरच्या खिडकीवरच्या कुणीतरी लाल पेनाने खोडली होती आणि खाली लिहिलं होतं, 'आता कामावर नाहीत.'