कच्चं कुलूप

बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण असलं की आधी मी मालकाच्या घरी तपासणीला जातो. कपाट बघायचं, बंदुकीचा नंबर जुळवायचा, काडतुसं बघायची आणि शेवटी त्याच्या बायकोला एक प्रश्न विचारायचा. हा मालक दारापासूनच अंमळ जास्त गोड बोलत होता. "साहेब, हे कुलूप हातोड्यानंही तुटायचं नाही. किल्ली फक्त माझ्याकडे!" कुलूप खरंच भक्कम होतं. नंबरही जुळला. तो टेबलाशी सह्या करायला बसला, तेव्हा मी काडतुसांची डबी उचलली. तिचं वजन माझ्या हाताला पाठ झालंय. ही हलकी लागली. विकली की काय यानं? झाकण उघडलं, तर आत घड्याळाचे संपलेले सेल, ओळीनं रचलेले. मी वर पाहिलं. दारात उभ्या त्याच्या बायकोच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. तिनं हळूच मान हलवली, सांगू नका. मी झाकण लावलं आणि प्रश्न वाचला, "घरात कुणाला या बंदुकीची भीती वाटते का?" "तिला कसली भीती!" तो तिकडूनच हसला. "तुम्हाला नाही विचारलं." ती डबीकडे बघत म्हणाली, "आता नाही वाटत." त्याचं पेन थांबलं. "बंदूक आणि डबी आजच जमा," मी म्हणालो आणि डबी माझ्या बॅगेत टाकली. मग ते भक्कम कुलूप त्याच्यादेखत दोनदा ओढून पाहिलं आणि शेरा लिहिला, 'कुलूप कच्चं. परवाना नामंजूर.'