पाकिटातल्या तीन गोळ्या

नळाचं पाणी भरून झालं, तशी जानकीने फळीवरच्या मेथीच्या डब्यातून गोळ्यांचं पाकीट काढलं. रोज याच वेळी, सासूबाई मोरीत अंघोळीला असताना, ती एक गोळी घ्यायची. आज घाईत पाकीट उलटं हातात आलं आणि तिचा हात थांबला. शेवटच्या तीन पांढऱ्या गोळ्या जागेवर नव्हत्या.

गोळ्यांचं ठाऊक असलेलं माणूस नवऱ्याखेरीज घरात एकच. नणंद शकु तीन दिवसांपूर्वी घाटकोपरहून गणपतीच्या कामाला आली होती आणि आता भिंतीला टेकून करंज्यांसाठी खोबरं किसत होती.

"शकु, माझ्या गोळ्या तू घेतल्यास?"

शकुने मोरीकडे बघितलं. "हळू बोल ना, वहिनी. बरोब्बर गणपतीच्या दिवशी माझी तारीख आलीय. आमच्या चाळीत सगळ्याच घेतात. चार दिवस पुढे ढकलली की झालं."

काही खोटं नव्हतं त्यात. दहा बाय बाराची खोली. बाजूला बसायचं तर बसणार कुठे, आणि नैवेद्याला हात कोण लावणार? म्हणून गणपती आले की वाटीभर विरजण मागावं तशा या गोळ्या ह्या घरातून त्या घरात फिरायच्या. कुणाला त्या सोसतात आणि कुणाला नाही, एवढं मात्र कुणी विचारत नव्हतं.

"पांढऱ्याच घेतल्यास? तपकिरी नाही?"

"पांढऱ्या. तपकिरी कशाच्या?"

"लोहाच्या. त्या घेतल्या असत्यास तर काही बिघडलं नसतं. आणि डोकं का बांधलंयस?"

"कालपासून ठणकतंय. मघाशी डोळ्यांपुढे काजवे चमकले. ऊन लागलं असेल गं."

दुसऱ्या बाळंतपणात शकुचं प्रेशर चढून तिला झटके आले होते. अजूनही तिला प्रेशरची गोळी होती, आठवली तर घ्यायची. आणि जानकीला पहिलं पाकीट देण्याआधी दवाखान्यातल्या नर्स मीराबाईंनी तिच्या दंडाला पट्टा बांधला होता, पाय सुजतात का, तंबाखू खातेस का, असं सतरा वेळा विचारलं होतं. शेवटी बजावलं होतं, "प्रेशरवाल्या बाईला ही गोळी चालत नाही. तुझी तूच घ्यायची. बहिणीला नाही, शेजारणीला नाही." तेव्हा जानकीला हसू आलं होतं. आपण कुणाला कशाला देतोय!

"ऊठ. दवाखान्यात जायचंय."

"आईला काय सांगशील? माझं सोड, तुझंच बिंग फुटेल."

तेही खरंच होतं. दोन मुलींनंतर सासूबाई नातवाची वाट बघत होत्या. गेल्या गणपतीत त्यांनी नवस बोलला होता आणि तेव्हापासून दर महिन्याला त्या सुनेचं तोंड निरखायच्या. नवऱ्याला, धाकूला, सगळं ठाऊक होतं, पण आईसमोर त्याची वाचा बसायची. हे कळलं तर या घरात आपल्याला कुणी उभं करणार नाही, अशी जानकीला भीती होती. ती खरीखुरी, रोजची भीती होती.

मोरीचं दार उघडलं. सासूबाई ओला टॉवेल घेऊन बाहेर आल्या. "खंय चाललात गो?"

"दवाखान्यात. शकुचं डोकं ठणकतंय."

"डोक्याक दवाखानो कित्याक? सुंठ लाव उगाळून. करंज्यो कोण करतला?"

अर्धवट उठलेली शकु लगेच खाली बसली. जानकीलाही गप्प बसता आलं असतं. सुंठ, दुपारची झोप, कदाचित डोकं उतरलंही असतं. कदाचित नसतंही. तिने पाकीट सासूबाईंसमोर धरलं.

"आई, या मूल न होण्याच्या गोळ्या आहेत. माझ्या. दोन वर्षं घेतेय आणि यापुढेही घेणार. शकुने यातल्या तीन घेतल्यात, पाळी पुढे जावी म्हणून. तिला प्रेशर आहे, तिला या चालत नाहीत. डॉक्टरला हे सांगितलं नाही, तर तो डोकेदुखीचं औषध देऊन परत पाठवेल. बाळंतपणातले तिचे झटके तुम्ही डोळ्यांनी बघितलेत."

तिने सगळं एका दमात बोलून टाकलं. मग आजची गोळी फोडली आणि सासूबाईंच्या देखत पाण्याबरोबर गिळली. काही झालं तरी वेळ चुकवायची नाही, असंही मीराबाईंनी सांगितलं होतं.

"दोन वर्सां," सासूबाई म्हणाल्या.

आता पुढचं येणार, जानकीने ओळखलं. शिव्या तिच्या आईबापापासून सुरू होणार. होऊ दे, रिक्षात बसल्यावर होऊ दे.

सासूबाईंनी टॉवेल दांडीवर फेकला. लेकीच्या डोक्याचं फडकं सोडलं, तिची हनुवटी वर केली. "दिसता मा तुका नीट?"

"धूसर दिसता."

त्यांनी स्टो बंद केला. शकुच्या चपला आपल्या हाताने तिच्या पायांपुढे ठेवल्या.

"आये, करंज्यो..."

"जळांदे त्यो करंज्यो."

दोघींनी शकुला दोन्ही बाजूंनी धरून जिना उतरवला. काजूपाड्याच्या नाक्यावर रिक्षा मिळाली. शकुला आत बसवून सासूबाईंनी पाय वर टाकला, आणि तशाच थांबून त्यांनी जानकीकडे बघितलं.

"आणि तुझां प्रेशर? तां मोजतत मा गो दवाखान्यात?"